सहा लाख माणसं कुठं गेली?

१९९१ आणि २००१ या दोन जनगणनांची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवा आणि परभणी जिल्ह्याची ओळ शोधा. १९९१ मध्ये लोकसंख्या २१ लाखांच्या वर होती. २००१ मध्ये ती सव्वापंधरा लाखांच्या आसपास उतरलेली दिसते. दहा वर्षांत जवळजवळ सहा लाख माणसं कमी झाली. त्या काळात ना साथ आली होती, ना एवढं मोठं स्थलांतर झालं होतं. १ मे १९९९ रोजी परभणीचा एक भाग वेगळा काढून हिंगोली जिल्हा तयार झाला, एवढंच घडलं होतं. आजचे हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके त्या भागात येतात.

ही गोष्ट मराठवाड्यातल्या कोणालाही ठाऊक असते. संगणकाला मात्र ती कोणीतरी सांगावी लागते. दोन्ही आकडे त्याला दिले, की तो बिनचूक वजाबाकी करतो, सुरेख आलेख काढतो आणि परभणी ओस पडत चालल्याचा निष्कर्ष हातात ठेवतो. आकडे खरे, गणित बरोबर, तरी निष्कर्ष खोटा. चुकलं ते एवढंच, की ‘या तारखेला हद्द बदलली’ ही एक ओळ आकड्यांबरोबर ठेवलेली नव्हती.

ही ओळ कोणी लिहायची, कुठं लिहायची, पुढं शंभर वर्षं ती आकड्यापासून तुटू नये म्हणून काय करायचं, हे शिकवणाऱ्या विद्याशाखेला माहिती व्यवस्थापन म्हणतात. तिला तंत्रज्ञानाची जोड दिली, म्हणजे डेटाबेस, नेटवर्क, प्रोग्रॅमिंग, सुरक्षा आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता तिच्यात आली, की माहिती व्यवस्थापन आणि तंत्रज्ञान हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय उभा राहतो. पदवीनंतर ‘कॉम्प्युटरमध्ये काहीतरी’ करायचं ठरवणारी पुष्कळ मुलं या विषयाचा दुसरा अर्धा भाग तेवढा पाहतात. पहिला अर्धा भाग समजून घ्यायला हिंगोलीसारखा जिल्हा फार चांगला आहे. का, ते या प्रकरणात पाहू.

नर्सीची पदं आणि ग्रंथातली बेरीज

हिंगोली शहराजवळचं नर्सी हे गाव संत नामदेवांचं जन्मस्थान म्हणून ओळखलं जातं. नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत. गुरु अर्जनदेवांनी आदिग्रंथाचं संकलन पूर्ण केलं ते १६०४ मध्ये. तोवर नामदेवांना जाऊन अडीचशे वर्षं लोटली होती. मराठी मुलखातल्या संताची पदं पंजाबात इतकी नीट जपली गेली, याचं मोठं कारण श्रद्धा हे आहेच. पण त्या ग्रंथाच्या मांडणीचाही त्यात वाटा आहे.

हा ग्रंथ मुख्यतः रागांनुसार लावलेला आहे. प्रत्येक रागात आधी गुरूंच्या रचना आणि मग कबीर, नामदेव, रविदास यांच्यासारख्या भक्तांच्या रचना, असा क्रम ठरलेला आहे. कडव्यांना आणि पदांना क्रमांक आहेत आणि ठिकठिकाणी त्यांची बेरीजही लिहिलेली आहे. कोणी मध्येच एखादं पद घुसवलं किंवा गाळलं, तर बेरीज जुळणार नाही. छापील प्रतींमध्ये १४३० पानांचा क्रमही पक्का झालेला आहे, त्यामुळं एखादं पद जगातल्या कुठल्याही प्रमाण प्रतीत त्याच पानावर सापडतं.

वर्गीकरण, ओळख क्रमांक, भेसळ ओळखण्याची सोय आणि ठरलेला पत्ता या चारही गोष्टी आज माहिती व्यवस्थापनाच्या पहिल्या सत्रात शिकवल्या जातात. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना बिघडली का, हे पाहण्यासाठी संगणक जो चेकसम काढतो, त्यामागचं तत्त्वही ग्रंथातल्या बेरजेचंच आहे.

आधुनिक काळात ही विद्या तीन वाटांनी आली. पहिली वाट ग्रंथालयाची. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. हे भारतातलं या विषयाचं पहिलं औपचारिक शिक्षण. पुढं मद्रासमध्ये गणिताचे अध्यापक असलेले एस. आर. रंगनाथन ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा त्यातल्या एका सूत्राचा आशय आहे. आज शोधयंत्र बनवणारे अभियंतेही त्यासाठीच झटत असतात.

दुसरी वाट दळणवळणाची. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती मोजायची रीत दिली आणि गोंगाटातून संदेश किती खात्रीनं पोचवता येईल याला गणितात बांधलं. तिसरी वाट नोंदवहीची. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. तोवर नोंद यंत्रात कुठं आणि कशी ठेवली आहे, तिथवर कोणत्या वाटेनं जायचं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावं लागे. कॉड यांच्या पद्धतीत फक्त काय हवं ते सांगायचं, वाट यंत्रानं शोधायची. रेल्वेचं आरक्षण आणि बँकेची खाती आज चालतात ती बहुतांशी याच कल्पनेवर.

सातबारा: प्रत्येक घरातला डेटाबेस

हिंगोली जिल्ह्यातल्या बहुसंख्य घरांचा डेटाबेसशी पहिला संबंध सातबाऱ्यातून येतो. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, त्याचा तपशील. गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकलं, त्याचा तपशील. दोन वेगळे तक्ते एका गट क्रमांकानं जोडलेले. कॉड यांचा रिलेशनल तक्ता समजावून सांगायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

फेरफाराची नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, आणखी एक महत्त्वाची गोष्ट शिकवते. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, की जुनी नोंद पुसून टाकत नाहीत. बदलाला नवा क्रमांक मिळतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्यावरच तो सातबाऱ्यावर येतो. आज काय स्थिती आहे हे एका ठिकाणी आणि ती कशी झाली याची पूर्ण कहाणी दुसऱ्या ठिकाणी. बँकांच्या संगणकांमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग ठेवतात तो याच कारणासाठी.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचं ॲप आलं आणि शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जाऊन फोटोसह पिकाची नोंद करायची पद्धत सुरू झाली. इथून पुढचे प्रश्न खरे पदव्युत्तर पातळीचे आहेत. सोयाबीनमध्ये तुरीचे तास असतील, तर क्षेत्र कसं विभागायचं? शिवारात नेटवर्क नसेल, तर नोंद मोबाईलमध्ये किती काळ धरून ठेवायची? दुबार पेरणी झाली, तर पहिली नोंद चुकीची ठरवायची की जुनी? पीकविमा आणि नुकसानभरपाई या नोंदीवर अवलंबून असतात, म्हणून फॉर्ममधला एक रकाना चुकला तर त्याची किंमत एखादं कुटुंब मोजतं.

नावांचाही प्रश्न आहे. एकच गाव कुठं वसमत, कुठं बसमत, कुठं वसमतनगर असं लिहिलेलं आढळतं. माणूस तीनही वाचून एकच समजतो, यंत्र तीन गावं धरतं. म्हणून जनगणनेत प्रत्येक गावाला संकेतांक असतो. दोन खात्यांची माहिती जोडताना नावावर विसंबायचं नसतं, संकेतांकावर विसंबायचं असतं.

आणि जुन्या दप्तराचा प्रश्न तर सर्वांत मोठा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जुने कागद उर्दूत, फारसीत आणि मोडीत आहेत. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा या दप्तरांचं मोल समाजाला एकदम कळलं. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, कागद स्कॅन होऊ लागले. एका कुटुंबाचं जातप्रमाणपत्र एखाद्या शंभर वर्षांपूर्वीच्या ओळीवर अवलंबून असू शकतं. अशा वेळी नुसतं स्कॅन पुरत नाही. तो कागद कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, कोणत्या रजिस्टरचा, कोणी वाचला, वाचनाबद्दल खात्री किती, हे सगळं त्याच्याबरोबर ठेवावं लागतं. माहितीचा अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सार्वजनिक कार्यालयांना आपले अभिलेख सूचीबद्ध करून, अनुक्रमणिका लावून ठेवायला सांगतं. कायद्यानं काम सांगितलं आहे. ते करणारी शिकलेली माणसं हवी आहेत.

त्याच वेळी दुसरी जबाबदारीही आहे. सातबारा उघडा असला, तरी शेतकऱ्याचा आधार क्रमांक, फोन, बँक खातं उघडं असता कामा नये. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. काय दाखवायचं आणि काय झाकायचं, हे ठरवणं आता प्रत्येक माहिती प्रणालीचा भाग आहे.

मोंढ्यातला भाव

हळद हे हिंगोलीचं मोठं पीक. वसमत आणि हिंगोलीच्या मोंढ्यांत तिचे सौदे होतात आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. भावाची माहिती शेतकऱ्याच्या हाती आली तर काय घडतं, याचा एक चांगला अभ्यास शेजारच्या मध्य प्रदेशात झालेला आहे. आयटीसी कंपनीनं ऑक्टोबर २००० पासून तिथल्या खेड्यांमध्ये ई-चौपाल नावाची इंटरनेट केंद्रं उघडली. शेतकऱ्याला मंडीत जाण्याआधीच सोयाबीनचा भाव कळू लागला. अर्थतज्ज्ञ अपराजिता गोयल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवलं, की जिथं ही केंद्रं आली तिथल्या मंड्यांत सोयाबीनचा भाव सरासरी एक ते तीन टक्क्यांनी वाढला. केंद्रात न जाता मंडीतच माल विकणाऱ्यालाही त्याचा फायदा झाला, कारण व्यापाऱ्यालाही आता शेतकऱ्याला काय माहीत आहे ते ठाऊक होतं.

एक ते तीन टक्के हा आकडा लहान वाटेल. पण त्यासाठी ना बियाणं बदललं, ना पाऊस जास्त पडला. फक्त माहिती वेळेवर पोचली.

हळदीत मात्र एवढ्यानं भागत नाही. सोयाबीनपेक्षा तिच्या प्रतीत फरक जास्त. ओलावा, रंग, कांडीची लांबी, कुरकुमिनचं प्रमाण यांवर भाव ठरतो. प्रत न सांगता आलेला भाव अर्धीच माहिती देतो. भौगोलिक मानांकनाचंही तसंच. ‘वसमतची हळद’ हे नाव टिकवायचं, तर पोत्यातला माल कोणत्या गावच्या कोणत्या शेतातून आला, कुठं शिजवला, कुठं पॉलिश झाला, याचा माग शेवटच्या ग्राहकापर्यंत जोडलेला राहिला पाहिजे. अशी साखळी रचणं हे एखाद्या विद्यार्थ्यासाठी अस्सल प्रबंधाचं काम आहे. मोंढ्यातला हमाल, आडत्या, मापाडी आणि शेतकरी यांच्याशी बोलल्याशिवाय ती रचता येणार नाही, म्हणून ते काम इथल्या मुलामुलींना अधिक चांगलं जमेल.

दुधाळ्याचं माळरान

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला पूर्ण मंजुरी दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन भुजांमधून लेझरचा झोत फिरेल. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली लहर या भुजांची लांबी प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढी बदलू शकते. तेवढा बदल टिपायचा आहे.

ही वेधशाळा भौतिकशास्त्राची, पण तिचं रोजचं काम माहितीचं. अमेरिकेतल्या लायगोमध्ये मुख्य मोजमाप सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदवलं जातं. एका दिवसाचे १४१ कोटींहून अधिक आकडे झाले. त्याबरोबर दोन लाखांहून जास्त पूरक वाहिन्या जमिनीची थरथर, वारा, तापमान, वीजपुरवठा यांच्या नोंदी ठेवतात. रस्त्यावरचा ट्रक, दूरचा भूकंप, ढगांचा गडगडाट, सगळं यंत्राला जाणवतं. हिंगोलीत तर जमीन स्वतःच अधूनमधून बोलते. २१ मार्च २०२४ च्या सकाळी काही मिनिटांच्या अंतरानं ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के इथं बसले होते. यातलं कोणतं स्पंदन पृथ्वीचं आणि कोणतं अवकाशाचं, हे सांगायचं तर पूरक नोंदी मुख्य नोंदीइतक्याच जपाव्या लागतात.

या कामात महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरी शोधण्याच्या गणितावर काम सुरू केलं. १९९१ मध्ये धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी फिरत फिरत जवळ येणाऱ्या जोडताऱ्यांच्या लहरी हुडकण्यासाठी नमुन्यांचा संच कसा निवडावा, हे मांडलं. लहर कशी दिसेल याचे नमुने गणितानं आधीच तयार ठेवायचे आणि प्रत्येक नमुना नोंदींवरून सरकवत नेऊन कुठं जुळतो ते पाहायचं, ही ती पद्धत. यात्रेच्या कोलाहलातही आपल्या माणसाची हाक कानाला लगेच कळते, कारण ती कशी असते हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. यंत्राला ती ओळख गणितानं द्यावी लागते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर मिळाली, तेव्हा शोधात सुमारे अडीच लाख नमुने वापरले होते. संकेत जेमतेम ०.२ सेकंद टिकला. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांपैकी लिव्हिंग्स्टन इथल्या यंत्रात तो हॅनफर्डच्या यंत्रापेक्षा सुमारे ७ मिलिसेकंद आधी आला. हा योगायोग नाही हे सिद्ध करायला शास्त्रज्ञांनी एका यंत्राच्या नोंदी मुद्दाम मागंपुढं सरकवल्या आणि मग चुकून जुळणी किती वेळा होते ते मोजलं. खरी लहर अशा सरकवलेल्या नोंदींत जुळूच शकत नाही, त्यामुळं जे जुळतं ते निव्वळ योगायोगाचं. आपल्या निष्कर्षावर आपणच असा कठोर हल्ला करून पाहायचा, हा माहितीच्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा संस्कार आहे. पीक पाहणीच्या आकड्यांनाही तो लागू आहे.

लायगोच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुल्या होतात. सेनगावच्या घरी बसून एखादी विद्यार्थिनी त्या उतरवून घेऊ शकते आणि मोफत मिळणाऱ्या पायथन भाषेच्या साधनांनी पहिली लहर स्वतः पुन्हा शोधू शकते. दुधाळ्याची यंत्रं सुरू होण्याची वाट पाहायची गरज नाही.

शिकायचं कुठं

या विषयाच्या पदव्यांची नावं वेगवेगळी आहेत, त्यामुळं नावापेक्षा आतला अभ्यासक्रम पाहावा.

एमसीए ही सर्वांत रुळलेली वाट. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२०-२१ पासून दोन वर्षांची झाली. बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं, आणि महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एम.एस्सी. संगणकशास्त्र किंवा माहिती तंत्रज्ञान ही वाट विज्ञानाच्या पदवीधरांना सोयीची. हिंगोली जिल्हा ज्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो, ते १९९४ मध्ये स्थापन झालं. नांदेडजवळ विष्णुपुरीला त्याचं संगणकशास्त्र संकुल आहे. विष्णुपुरीतच १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. हिंगोलीहून रेल्वेनं वसमत, पूर्णामार्गे नांदेड गाठता येतं.

व्यवस्थापनाची ओढ असेल, तर एमबीएमध्ये माहिती तंत्रज्ञान हा विशेष विषय घेता येतो. दप्तरं, अभिलेख, वर्गीकरण यांत रस असेल, तर ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यावी. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात त्याचा विभाग आहे आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ही वाट कला शाखेच्या पदवीधरालाही खुली असते, हे अनेकांना माहीत नसतं. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा नोकरीच्या दृष्टीनं नावाजलेला आहे. तो डिप्लोमा आहे, पदवी नव्हे. पुढं प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचं असेल, तर हा फरक लक्षात ठेवावा.

पैशाची अडचण असलेल्यांनी महाडीबीटी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह भत्त्याच्या योजना प्रवेशाआधीच पाहून ठेवाव्यात. एखादा विषय आपल्या महाविद्यालयात नीट शिकवला जात नसेल, तर स्वयम आणि एनपीटेलवर तो मोफत शिकता येतो.

प्रबंध आपल्या तालुक्यावर

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रकल्प असतो. बऱ्याच मुलांचे प्रकल्प दुकानाचं बिल करणारी प्रणाली किंवा ग्रंथालयाची देवघेव याच ठरीव विषयांवर फिरतात आणि निकाल लागला की कपाटात जातात. मुलांमध्ये कुवत नसते असं नाही. त्यांना कोणी खरा प्रश्न दिलेला नसतो.

खरे प्रश्न पाच तालुक्यांत पसरलेले आहेत. १९९९ च्या आधीची परभणीची आकडेवारी गावनिहाय वेगळी काढून हिंगोलीचा शेती, साक्षरता, आरोग्य यांचा सलग इतिहास तयार करता येईल. एका गावच्या मोडी कागदांची नीट सूची करता येईल. एका मोंढ्यातले हळदीचे भाव प्रतीसह वर्षभर नोंदवता येतील. गावच्या ‘ड’ वर्ग ग्रंथालयाची पुस्तकं तालुक्याच्या वाचकाला सापडतील अशी सामाईक यादी करता येईल. यातल्या कशालाही महागडं यंत्र लागत नाही. लागते ती चिकाटी, नोंदीबद्दलचा आदर आणि शिकवणाऱ्याचा आग्रह.

विद्यापीठानं आणि महाविद्यालयांनी असे प्रकल्प मागावेत. तलाठी कार्यालयानं, बाजार समितीनं आणि ग्रंथालयानं विद्यार्थ्यांना दार उघडावं. प्रत्येक तुकडीचं काम पुढच्या तुकडीला वापरता येईल अशा रीतीनं जपून ठेवावं. दहा वर्षं असं झालं, तर जिल्ह्याचा माहितीसंग्रह जिल्ह्यातल्याच मुलामुलींनी बांधलेला असेल आणि त्यातली चूक कुठं आहे हेही त्यांनाच सगळ्यात आधी कळेल.